गाळलेलं डिझेल

आमच्या घरी पाणी गाळून प्यायचे, दूध गाळून तापवायचे आणि डिझेलसुद्धा गाळूनच गाडीत ओतायचे. पहिल्या दोन गोष्टी मी माहेरीही पाहिल्या होत्या. तिसरी सासरी आल्यावर पाहिली. भालकीच्या बंकावरून, म्हणजे पेट्रोल पंपावरून, पिंपभर डिझेल आणायचं, गोठ्याच्या भिंतीला सावलीत ठेवायचं आणि लागेल तसं कॅनमध्ये काढायचं. हे काढायचं काम माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांना मामा म्हणायची. मामा कॅनच्या तोंडात पितळेचं नरसाळं ठेवत, त्यात आपल्या जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा अंथरत आणि तांब्यातून बारीक धारेनं डिझेल सोडत. नवं कापड त्यांना चालत नसे. "नवं खरखरीत ऱ्हातंय. जुन्यातनं बारीक गाळतंय," म्हणत. गाळून झालं की कापड उजेडाकडे धरून त्यावरचा काळा गाळ मला दाखवत. "बघ पोरी, ह्ये समदं इंजनात गेलं आसतं."

गाळ खरंच दिसायचा. त्यामुळे त्यांना कोण काय बोलणार? माझं तोंड तेव्हाही गप्प बसणारं नव्हतं, उदगीरकडून आलेली सून फटकळ असते अशी आधीच माझी ख्याती झाली होती, पण या बाबतीत मीही काही बोलले नाही. उलट मला बरं वाटायचं. नातवंडाचं दूध गाळावं तितक्या मायेनं तो म्हातारा माणूस गाडीचं डिझेल गाळायचा.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे तिघांना बसायला जागा आणि मागे उघडी बॉडी. आमचं गाव भालकीकडच्या मेहकरजवळ. ह्यांनी ती जुनी गाडी घेतली आणि भाजीपाला, तूर, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड असं मिळेल ते भाडं करायला लागले. ह्यांचं नाव मी तेव्हा घेत नसे आणि आताही घेणार नाही. त्या काळात ह्यांचा अर्धा दिवस गाडीत जायचा आणि अर्धा गाडीखाली. नव्या नवरीचे झाले नाहीत तेवढे लाड त्या गाडीचे झाले, हे मी तोंडावर म्हटलेलं आहे. हे हसायचे आणि पान्हा मागायचे.

घरात गाडीचं सगळ्यात जास्त कौतुक ह्यांच्या थोरल्या बहिणीला होतं. अक्का. त्यांना अफजलपूर तालुक्यात करजगीला दिलं होतं. आमच्यापासून ते गाव म्हणजे दुसरं टोक. सासू अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून अक्कांना माहेरपण असं वर्षात एकच, नागपंचमीचं. आमच्या भागात पंचमीला लेक माहेरी आलीच पाहिजे आणि तिला न्यायला भावानंच गेलं पाहिजे. गाडी आल्यापासून अक्का बसनं यायचं नाव काढत नसत. "माझा भाऊ मोटार घेऊन येतोय," असं गावभर सांगत आणि आदल्या दिवशी सकाळपासूनच पिशवी भरून ओट्यावर बसत. म्हणायच्या, "लांबूनच आवाज वळखते मी. दुसऱ्याच्या गाडीला उठून बी बघत न्हाई." गाडीत बसल्या की काच खाली करून सारी वाट बाहेर बघत राहायच्या, आणि घरी उतरल्या की केसात धूळ आणि तोंडभर हसू.

त्या वर्षी गाडी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. हे पहाटेच निघाले होते. आमच्या भागातलं कल्याण मागे टाकलं आणि पहिल्या मोठ्या चढावर गाडीचा दम गेला. सपाटीला नीट चालायची, चढ लागला की धापा टाकत बंद. थोडा वेळ थांबलं की परत सुरू व्हायची, पुढच्या चढाला परत तेच. असं करत करत शेवटी ती उठेचना. पंचमीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ ह्यांची रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी एका लॉरीमागे गाडी बांधून हे घरी आले. तोवर आम्ही झाडाला झोका बांधला होता, लाह्या फोडल्या होत्या, भाजक्या पिठाचे तंबिटाचे लाडू वळले होते. अक्कांसाठी भालकीहून हिरवं लुगडं आणून पाटावर ठेवलं होतं. मामा दिवसभर वेशीत बसून राहिले आणि अंधार पडल्यावर उठून घरात आले.

सण सरल्यावर हे बसनं करजगीला जाऊन आले. लुगडं बरोबर नेलं होतं. अक्कांनी ते हातात घेतलं, पदर उलगडून बघितला, घडी घातली आणि ह्यांच्या पिशवीत परत ठेवलं. म्हणाल्या, "माहेरचं लुगडं माहेरी येऊन नेसीन. दिवाळीला ये. गाडी घेऊन ये बघ." रागावल्या नव्हत्या. उलट हसत होत्या, असं हे म्हणाले. मी ते लुगडं ट्रंकेत ठेवून दिलं.

दिवाळीत सासूचं दुखणं वाढलं आणि अक्कांना घर सोडता आलं नाही. लुगडं ट्रंकेतच राहिलं.

त्या महिन्यांत आमच्या अंगणात गाडीच्या दुखण्याची चर्चा रोज व्हायची. डिझेल गाडीत दोन पंप असतात हे मला तेव्हा कळलं. मोठा पंप डिझेल जोरानं इंजिनात फवारतो. त्याच्या आधी एक छोटा असतो, मुठीएवढा. टाकी खाली मागच्या बाजूला, इंजिन पुढे. टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाच्या तोंडाशी आणून द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याला फीड पंप म्हणतात. त्याच्या पोटात रबराचा पडदा असतो, तो खालीवर होत डिझेल ओढतो. बाजूला हातानं हलवायची एक दांडी असते. बंद पडलेल्या गाडीत पाइपात हवा शिरली की ती दांडी मारून हवा काढायची. ह्यांचा अंगठा त्या दांडीनं सोलून निघाला होता.

गावात प्रत्येकाला कारण माहीत होतं. कुणी म्हणालं नोझल गेलं, कुणी म्हणालं गाडीला नजर लागली, लिंबू-मिरची बदला. ह्यांनी लिंबूही बदललं आणि फिल्टरही बदलला. पाइप नवे घातले, जोडाजोडाला तांब्याचे नवे वायसर टाकले. शेवटी भालकीच्या चचांकडे गाडी नेली. चचा हे तिथले जुने मिस्त्री. बोलणं दखनी, बोलायचे कमी आणि इंजिनाला कान लावून ऐकायचे जास्त. त्यांनी आधी ऑईलची काडी ओढून बघितली. ऑईल कमी होण्याऐवजी वाढलं होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. चचांनी ती काडी ह्यांच्या नाकाशी धरली. "पडदा फट गया. डिझेल नीचे ऑईल में उतर रहा." पंप खोलला तर पडद्याला खरंच चीर होती. त्यातल्या झडपेत एक बारीकसा दोरा अडकला होता, तो चचांनी नखानं काढून फेकून दिला. मिस्त्रीच्या हातात नेहमीच चिंधी असते, तिचाच असेल, असं सगळ्यांना वाटलं. नवा पडदा घातला आणि गाडी पळाली.

थोडेच दिवस पळाली. मग तीच रड. पुन्हा पडदा, पुन्हा चीर. चचा डोकं खाजवायला लागले. "इतना जोर काहे को लगा रहा ये पंप?" असं स्वतःलाच विचारायचे. घरी मामा जास्तच मन लावून डिझेल गाळायला लागले. आधी दुहेरी कापड होतं, आता चौपदरी झालं. "आपल्याकडनं कमी पडायला नगं," म्हणाले.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी करजगीचा एक माणूस रात्रभर बस बदलत आमच्या दारात आला. चप्पल न काढता उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. अक्कांना कावीळ झाली होती. आठवडाभर झाडपाला दिला, मग गुलबर्ग्याला न्यायचं ठरलं आणि न्यायच्या आतच त्या गेल्या. तो माणूस म्हणाला, "दिवस मावळायच्या आत माती करायलेत. जास्त ठेवता येणार न्हाई म्हणालेत. तुमची वाट बघतो म्हणालेत."

आमची वाट का बघायची, हे कुणाला सांगावं लागत नाही. कपाळावर कुंकू असताना बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असावं लागतं आणि ते भावजयीनं नेसवायचं असतं. माहेरचे वेळेत आले नाहीत तर सासरचे दुकानातून एक लुगडं आणतात आणि माहेरच्या नावानं अंगावर घालतात. बाई उघडी जात नाही. पण लोक ते विसरत नाहीत, आणि त्या बाईला काय वाटत असेल, हे तर कुणी विचारतही नाही. मी ट्रंक उघडून हिरवं लुगडं काढलं. पंचमीची हळद अजून त्याच्या घडीवर होती.

मामा म्हणाले, "मी येणार." त्यांना कुणी नको म्हटलं नाही. त्यांनी निघण्याआधी एक गोष्ट केली. गोठ्याकडे गेले, नरसाळं घेतलं, कापड अंथरलं आणि जादाचा एक कॅन डिझेल गाळून घेतलं. हे गाडी सुरू करून थांबले होते, हॉर्नवर हात होता, पण वाजवला नाही. बाप लेकीच्या मातीला निघाला होता आणि गाडी वाटेत अडू नये म्हणून त्याला जमेल ते करत होता.

मी मामांच्या शेजारी दारापाशी बसले. लुगडं माझ्या मांडीवर. कल्याण गेलं. आळंद गेलं. प्रत्येक चढाला आम्ही तिघंही श्वास धरून बसायचो, जणू आमच्या श्वासाचं ओझं गाडीला होत होतं. कडगंची जवळ आली आणि तिथल्या चढावर तो आवाज आला जो मी आजवर फक्त ऐकून होते. इंजिन एकदा खोकलं, गाडीला दोन गचके बसले आणि सगळं शांत झालं.

हे उतरले. बॉनेट उघडून दांडी मारायला लागले. दांडी सैल पडली होती, नुसतीच हलत होती. ऑईलची काडी ओढली, वास घेतला आणि परत खुपसली. पडदा गेला होता. तिथून बस धरायची तर गुलबर्ग्याला एक, अफजलपूरला दुसरी, करजगीला तिसरी. दिवस हातात राहिला नसता. मामा गाडीतच बसून होते. समोर बघत म्हणाले, "पंचमीला बी हितंच ठेवलीस व्हय रं तिला?" हे पंचमीला इथपर्यंत आलेही नव्हते, कल्याणपाशीच अडकले होते. पण ह्यांनी बापाची चूक काढली नाही. मला मात्र राग आला. कुणाचा राग आला ते मला नीट सांगता येणार नाही, पण मी गाडीच्या दाराला लाथ मारली, एवढं आठवतं.

मग ह्यांनी जे केलं ते लॉरीवाले अडचणीत करतात, असं मला नंतर कळलं. पंपाला बाजूला सारायचं आणि डिझेल वरून सोडायचं. उंचावरून पाणी आपोआप खाली येतं तसं डिझेलही येतं, ओढायला कुणी लागत नाही. ह्यांनी रबरी पाइपाचा तुकडा कापला, एक टोक मामांनी गाळलेल्या कॅनमध्ये बुडवलं, दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढलं, डिझेल थुंकलं आणि ते टोक फिल्टरला जोडलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला. गाडी सुरू झाली.

पण कॅन इंजिनाच्या वर ठेवायला हवा. म्हणजे टपावर. दोरीनं बांधला तर त्या रस्त्याला तो घसरणार, पाइप वाकणार, आणि डिझेल कमी होईल तसा कॅन कलता करायला हवा, नाहीतर परत हवा शिरणार. कुणाचे तरी हात लागणार होते. मामा उठायला लागले. मी त्यांच्या मांडीवर लुगडं ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही ह्ये धरा मामा. ते मी धरते."

मी पदर खोचला आणि मागे बॉडीत चढले. टपावर दोन्ही कोपरं टेकवून कॅन कवेत धरला. गाडी निघाली. खड्डा आला की कॅनच्या तोंडातून डिझेल उसळायचं आणि माझ्या हातावरून, बाहीतून, छातीवरून खाली यायचं. थंडीचे दिवस, वारा समोरून, आणि डिझेल इतकं गार असतं हे मला माहीत नव्हतं. कडगंचीत लोक उभे राहून बघायला लागले. बाई टपाला मिठी मारून उभी आणि खाली म्हातारा मांडीवर हिरवं लुगडं घेऊन बसलेला. एक-दोघांनी लुगडं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. गुलबर्गा आलं, गेलं. अफजलपूरच्या रस्त्याला सूर्य आमच्या डोळ्यासमोर आला आणि हळूहळू खाली उतरायला लागला. हात बधिर झाले होते. मी अक्कांशी बोलत होते. मोठ्यानं बोलत होते, वाऱ्यात कोण ऐकणार होतं? "आलोच अक्का. गाडी घेऊन आलोय. उठून बघू नका, बसून राहा, आलोच."

गाव दिसायला लागलं तेव्हा त्यांनी तिरडी उचललेली होती. रस्त्याच्या कडेनं माणसांची रांग शेताकडे चालली होती. ह्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. वाटेत विसाव्याचा दगड होता. तिथं तिरडी खाली ठेवतात, खांदे बदलतात, आणि त्या गावात बायका तिथवरच येतात. माणसांनी आवाज ऐकला. अक्कांचे यजमान मागे वळून बघायला लागले, मग त्यांनी हात वर केला आणि सगळे थांबले. तिरडी विसाव्यावर ठेवली.

हे खाली उतरले आणि तिथंच गाडीला टेकून उभे राहिले. मामा लुगडं घेऊन चालत गेले. अक्कांच्या अंगावर दुकानातलं एक लुगडं घातलेलं होतं, करकरीत, घडीच्या खुणांसकट. चेहरा पिवळा पडला होता. मामा वाकले आणि लहान पोरीला म्हणावं तसं म्हणाले, "उशीर झाला माय." मग लुगडं माझ्याकडे धरलं. मी हात मागे घेतले. कोपरापर्यंत डिझेल. साडी भिजून अंगाला चिकटलेली. मी रस्त्यावरची माती घेऊन हात घासले, पुन्हा घासले, कुणीतरी तांब्यानं पाणी ओतलं, तरी वास जाईना. असल्या हातांनी नेसवायचं कसं म्हणून मी रडायला लागले. अक्कांची सासू, जी महिनोन्महिने अंथरुणावरून उठली नव्हती, तिला खाटेवर घालून तिथवर आणलं होतं. ती खाटेवरूनच म्हणाली, "येऊ दे गं वास. गाडी आली म्हणून तिला कळंल तरी."

बायकांनी भोवती पडदा धरला. मी अक्कांना हिरवं लुगडं नेसवलं. पदर डोक्यावरून घेतला. जिथं जिथं माझी बोटं लागली तिथं तिथं हिरव्या रंगावर काळपट डाग पडला. तशाच त्या गेल्या.

घरी परतल्यावर ह्यांनी गाडीला हात लावला नाही. सुतक फिटलं, भाडी सांगायला लोक आले, हे नाही म्हणायचे. मग एके दिवशी मामा शेतावर गेलेले असताना म्हणाले, "आज समदी खोलतो." आम्ही दोघांनी मिळून टाकी खाली काढली. टाकी कधी कुणी काढलीच नव्हती. चचांनीही पंपापासून पुढचं सगळं बघितलं होतं, कारण दोष पंपात दिसत होता. ह्यांनी टाकीतलं डिझेल घमेल्यात ओतलं आणि आतल्या ओढपाइपाची जाळी बाहेर काढली.

जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर कापसासारखं काहीतरी घट्ट चिकटलं होतं. दाबून बसलेलं, करडं, भिजलेल्या वळकटीसारखं. ह्यांनी ते बोटांनी सोडवलं. सूत होतं. बारीक बारीक सुताचा लगदा. गाडी चालू असली की ओढीनं तो जाळीवर येऊन बसायचा, पंप जीव खाऊन ओढायचा, आणि त्या जोरानं पडदा फाटायचा. गाडी थांबली की लगदा सुटून खाली बसायचा, म्हणून विश्रांती दिली की ती परत चालायची. मी तो लगदा पाण्यानं धुऊन उघडून बघितला. त्यात एक लाल दोरा होता. मामांच्या धोतराच्या काठाचा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला चचांनी नखानं काढून फेकलेला तो दोरा आठवला, आणि वरून गाळ थांबवणारं जुनं कापड खालून आपलंच सूत सोडत होतं, हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही, असं वाटून गेलं. जितकं जुनं, जितकं मऊ, तितकं जास्त. हे घमेल्यातल्या डिझेलमध्ये हात घालून उरलेलं सूत गोळा करत राहिले. शेवटी म्हणाले, "अप्पाला कळायला नगं." मामांना हे अप्पा म्हणत.

मी तो लगदा चुलीत घातला. भडकून जळला. चूल थंड होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

चचांना मात्र खरं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कानाची पाळी धरली. मग म्हणाले, आता पडद्याचा पंप नकोच. मोठ्या इंजेक्शन पंपाच्या बाजूला एक जागा पत्र्यानं बंद करून ठेवलेली होती. ती उघडून तिथं त्यांनी लॉरीला असतो तसला पिस्टनचा फीड पंप बसवला. जुन्या पंपाच्या जागी पत्रा लावून ते तोंड बंद केलं. नव्या पंपाला वरून दाबायची गोल मूठ होती, चार वेळा दाबली की हवा निघून जायची. त्याच्या आधी एक काचेची वाटी लावली. डिझेल त्या वाटीतूनच पुढे जायचं, आणि गाळ किंवा पाणी असेल तर तळाशी बसलेलं डोळ्यांना दिसायचं. टाकी आतून धुतली, जाळी नवी बसवली. गाडी घरी आणताना ह्यांनी मुद्दाम कल्याणच्या रस्त्याला नेऊन त्या चढावर चढवली. म्हणाले, आवाज सुद्धा बदलला नाही.

मामांना सांगितलं की जुना पंपच नासका होता, बनावटीतच खोट होती. त्यांनी काचेची वाटी बघितली आणि त्यांना फार आवडली. रोज सकाळी बॉनेट उघडायला लावून वाकून बघत. "कसं नितळ दिसायलंय." एकदा नरसाळं घेऊन आले आणि विचारलं, "आता गाळू का नगं?" हे म्हणाले, "नगं अप्पा. आता ती वाटीच गाळती." मामांनी मान हलवली आणि नरसाळं खुंटीला अडकवलं. मला हायसं वाटलं. कधी कधी वाटायचं, हे खोटं आता खऱ्याइतकंच पक्कं झालं आहे.

पुढच्या पंचमीला ह्यांनी करजगीला जायचं ठरवलं. अक्कांची लेक तिथं होती, परकर नेसायच्या वयाची. आई नसलेल्या पोरीनं पंचमीला कुठं जायचं? तिच्या मामानं, म्हणजे ह्यांनी, न्यायला जायचं. माझे सासरेही नातीला आणायला निघणार होते. पहाटे मी अंगणात पाणी तापवत होते. गाडी सुरू होती, आवाज एकसारखा. मामा गोठ्याकडून आले. त्यांच्या हातात ते गाळायचं कापड होतं. कुठंतरी घडी करून ठेवलेलं, धुतलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उलगडून चुलीच्या जाळासमोर धरलं. कडेला ते धोतरच होतं. मधोमध मात्र इतकं विरलं होतं की पलीकडचा जाळ जसाच्या तसा दिसत होता. फाटलं कुठंच नव्हतं.

त्यांनी विचारलं, "ह्यातलं सूत कुठं गेलं गं पोरी?"

माझ्या हातातलं लाकूड चुलीबाहेरच राहिलं. फटकळ म्हणून माझं नाव, पण मी आधी ते जाळात सारलं. गाडीजवळ हे उभे होते, त्यांनी ऐकलं होतं, त्यांनी मान खाली घातली.

"धुऊन धुऊन गेलं मामा," मी म्हणाले.

मामांनी कापडाकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं.

"व्हय," म्हणाले. "धुऊनच गेलं आसंल."

त्यांनी कापडाची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. ह्यांनी नंतर मला सांगितलं, की कडगंचीच्या चढाला गाडी लागली तेव्हा मामांनी तो खिसा मुठीत आवळून धरला होता, आणि गाडी न थांबता वर पोहोचली तेव्हा ते ओक्साबोक्शी रडले. संध्याकाळी ते नातीला घेऊन आले. पोरगी काच खाली करून बसली होती, आणि उतरली तेव्हा तिच्या केसात धूळ होती.